कारण : घरगुती

गेल्या आठवड्यात एका सरकारी कचेरीत पाऊण तास बाकावर बसून होतो. समोरच्या भिंतीवर वाचायला भरपूर होतं. जन माहिती अधिकारी कोण, अपिलीय अधिकारी कोण. लाच मागितली तर १०६४. महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, अध्यक्षांपासून सगळ्यांची नावं आणि मोबाइल नंबर. कोणता दाखला किती दिवसांत मिळणार त्याचा तक्ता. आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं त्याचा नकाशा. मी शोधत होतो ती पाटी मात्र नव्हती : एचआयव्ही-एड्स कायद्याखालचे तक्रार अधिकारी, नाव आणि दूरध्वनी.

शिपायाला विचारलं. "एड्सचं ना? ते दवाखान्यात," तो म्हणाला. मग आस्थापना शाखेत गेलो. तिथल्या बाईंनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फायलीकडे. "म्हणजे तुम्हाला काही..." एवढं बोलून त्या थांबल्या.

त्या वाईट बाई नव्हत्या. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, कुणाला तरी फोन लावून विचारलंही. पण त्यांच्या त्या अर्ध्या वाक्यापुढे उभं राहण्याची ताकद मला होती, कारण मी नुसता चौकशी करत होतो. ज्याला खरंच तक्रार करायची आहे तो त्या दारातूनच परत फिरेल.

संसदेने २०१७ मध्ये केलेला एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा. आरोग्यसेवा देणारी संस्था असेल तर वीस माणसं असली तरी नेमायचा. सरकारी, खासगी, सहकारी असा भेद त्यात नाही. नोकरी देताना एचआयव्हीची तपासणी मागायची नाही. संमतीशिवाय तपासायचं नाही. कळलंच तर कुणाला सांगायचं नाही, कागद कुलपात ठेवायचे. कायदा लागू झाला त्याच महिन्यात नियम आले. तक्रार आल्यावर कामाच्या सात दिवसांत निर्णय द्यायचा, असं ते सांगतात. २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आस्थापनांसाठीचं धोरणही जाहीर केलं. एवढं सगळं कागदावर आहे आणि कचेरीतल्या माणसाला अजून हे ठाऊक नाही, की आपल्याला त्रास झाला तर कुणाच्या टेबलापाशी जायचं.

हा कायदा येण्याच्या खूप आधी, १९९७ साली दोन निकाल लागले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा, कामाच्या जागच्या लैंगिक छळावरचा विशाखा निकाल. तो बहुतेकांना माहीत आहे. त्याआधी एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका मजुराचा खटला निकाली काढला. तो फार थोड्यांना माहीत आहे. एका सार्वजनिक उपक्रमात हा माणूस रोजंदारीवर काम करायचा. कायम होण्याची वेळ आली तशी वैद्यकीय तपासणी झाली, तीत एचआयव्ही निघाला. अंगात ताकद होती, काम होत होतं, घरी बायकापोरं होती. तरी त्याचं नाव यादीतून काढलं, कारण एचआयव्ही असलेल्याला घ्यायचं नाही असा त्या उपक्रमाचा नियम होता. तो कोर्टात गेला.

न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. जो माणूस काम करू शकतो आणि ज्याच्यापासून कामाच्या जागी इतरांना मोठा धोका नाही, त्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून काढणं म्हणजे त्याला आर्थिक मरणाच्या तोंडी देणं. सरकारी उपक्रमाला हे करता येणार नाही, असं त्या निकालाचं सूत्र. त्याला पुन्हा यादीत घ्या आणि बुडालेल्या कमाईपोटी ४० हजार रुपये द्या, असा आदेश झाला. निकालपत्रात त्या माणसाचं नाव नाही. त्याला एमएक्स म्हटलं आहे, मालकाला झेडवाय. नाव झाकून लढायची मुभा न्यायालयाने दिली नसती तर तो कदाचित लढलाच नसता.

आता या दोन निकालांचं पुढे काय झालं ते बघा. विशाखाचा कायदा व्हायला सोळा वर्षं गेली, २०१३ साल उजाडलं. एमएक्सच्या मागून कायदा यायला वीस वर्षं लागली. उशीर दोन्हीकडे झाला. पण विशाखाची समिती आज कचेरीच्या भिंतीवर आहे. ती चांगली चालते की नाही हा वेगळा विषय, मात्र नावं आहेत, नंबर आहेत, नव्याने लागलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी ते दिसतात. बायकांनी भांडून, मोर्चे काढून, प्रश्न विचारून ती पाटी लावून घेतली. माहिती अधिकाराची पाटीही लोकांनी अर्जांवर अर्ज करून लावायला लावली.

एचआयव्हीसोबत जगणारा कर्मचारी यातलं काही करू शकत नाही. पाटी का नाही असं त्याने विचारलं तर पहिला प्रश्न त्यालाच येणार : तुला कशाला हवी? अर्जाखाली त्याला सही करावी लागेल, आणि ज्या गुपितासाठी तो पाटी मागतोय ते त्या सहीनेच फुटेल. या एका हक्काची गोष्ट अशी आहे की ज्याला तो हवा त्याला मागता येत नाही. म्हणून इतर पाट्यांसारखी कुणीतरी मागेपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही. ही पाटी साहेबांनी स्वतः होऊन लावायची आहे. कुणी मागितली नाही म्हणून लावली नाही, हे उत्तर इथे चालणार नाही.

२०२१ च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात एचआयव्हीसोबत जगणारे सुमारे ३ लाख ९४ हजार लोक आहेत, देशात कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्यात सरकारी नोकर किती, हे कुणी मोजू नये आणि मोजायची गरजही नाही. शंभर माणसांच्या कचेरीत असा एकही माणूस नसला तरी ती पाटी तिथे हवी.

पुण्याजवळच्या आमच्या संत तुकाराम नगरात राहणाऱ्यांना हा विषय लांबचा वाटायचं कारण नाही. महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, सगळ्यांच्या तोंडचं वायसीएम, इथेच आहे आणि तिथे एआरटी केंद्र आहे. एआरटी म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, ती सरकार फुकट देतं. नाशिक फाट्याच्या पलीकडे भोसरीच्या एमआयडीसीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने सुरू झालेली संस्था आहे, जिला सगळे नारी म्हणत आले. म्हणजे या विषाणूवरचं संशोधन आणि त्यावरचं औषध, दोन्ही इथून रिक्षाच्या अंतरावर. विज्ञानाने आपलं काम करून ठेवलं आहे. गोळी वेळेवर घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातूनही पुढे जात नाही. डब्यातून, पेल्यातून, संडासातून, हात मिळवण्यातून तर तो कधीच जात नव्हता. अडलंय ते कचेरीत.

कसं अडतं, ते मला वल्लभनगरच्या एसटी स्टँडबाहेर कळलं.

तिथल्या चहाच्या टपरीवर एक ओळखीचा भेटतो. चाळिशीचा. एका सरकारी खात्यात लिपिक आहे. वडील नोकरीत असताना गेले, तेव्हा अनुकंपावर लागला. मला काका म्हणतो. वायसीएम त्याच्या घरापासून चालत दहा मिनिटं. तरी तो औषधं घ्यायला एसटीने दुसऱ्या जिल्ह्यात जातो. मी कारण विचारलं तर म्हणाला, "इथे ऑफिसमधलं कुणी ना कुणी भेटतंच काका. कुणाची आई अ‍ॅडमिट असते, कुणी बिलाची सही घ्यायला आलेलं असतं. त्या खोलीच्या रांगेत उभं राहिलं की झालंच."

एचआयव्ही असलेल्यांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. तो पूर्ण तिकीट काढतो. सवलत घ्यायची तर भरल्या गाडीत कंडक्टरला कार्ड दाखवावं लागेल. "कंडक्टर आपल्याच गावचा निघाला तर?" एवढंच तो म्हणाला आणि बशीत चहा ओतला. चांगल्या मनाने दिलेली सवलत या एका कार्डापाशी येऊन अडते. कार्डावर आजाराचं नाव कशाला हवं? सवलतीचा क्रमांक पुरे.

त्याचं ऑफिसात कळलं ते असं. चारेक वर्षांपूर्वी त्याला टीबी झाला, प्रकृती बिघडली, एका खासगी रुग्णालयात दहा-बारा दिवस राहावं लागलं. बरा होऊन कामावर आला आणि वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची फाइल टाकली. बिलाला डिस्चार्ज कार्ड जोडावं लागतं. त्यावर डॉक्टरांनी तीन अक्षरं लिहिली होती : आरव्हीडी. दवाखान्यात एचआयव्ही असं सरळ न लिहिता असं लिहायची पद्धत आहे, झाकण्यासाठी. फाइल आवक शाखेत गेली, तिथून आस्थापनेत, तिथून लेखा शाखेत. लेखा शाखेतल्या मुलाला ती तीन अक्षरं कळली नाहीत. त्याने मोबाइलवर शोधलं.

"कुणी काही बोललं नाही," तो मला सांगत होता. "एक शब्द नाही. दुपारी जेवायला बसलो, तर डबे नेहमीसारखे मधे ठेवले नव्हते. ज्याचा त्याने आपापल्या पुढ्यात घेतला होता. मी भाजी पुढे केली, तर म्हणाले आज पोट बरं नाही." पुढच्या आठवड्यात कूलरवर कुणीतरी कागदी पेले आणून ठेवले. त्याची बदली केली नाही, पगार अडवला नाही, मेमो दिला नाही. कायद्याच्या पुस्तकात दाखवता येईल असं काहीही घडलं नाही.

मला विचाराल तर घडलं. फाइल ज्या क्षणी उघडी हिंडली, त्या क्षणी कायदा मोडला. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, पण पद्धतीत खोट होती, आणि पद्धत बदलणं कुठल्याही खात्याच्या हातात आहे. निदान लिहिलेले कागद बंद पाकिटात, एका ठरलेल्या अधिकाऱ्याच्या नावाने. फायलीवर फक्त रक्कम आणि खर्च मान्य असल्याचा दाखला. लेखा शाखेला रक्कम तपासायची असते, रोग तपासायचा नसतो. पाकिटावर लाल शाईत "गोपनीय" लिहून खाली "एचआयव्ही प्रकरण" असं लिहिणारेही मी पाहिलेत. तेवढं तरी नको. यासाठी नवा निधी नको, नवं पद नको. एक परिपत्रक आणि एक कुलूप लागतं.

आणि औषध आणायला जाण्यासाठी एक दिवस रजा. कायद्यात यासाठी वाजवी सोयीची तरतूद आहे. औषध सुरळीत चालू असलेल्याला दोन-तीन महिन्यांची गोळी एकदम मिळते. म्हणजे वर्षाला चार-सहा दिवस. ते कारण न विचारता द्यायचे, एवढीच ती सोय.

जे कायम नोकरीत आहेत त्यांच्याविषयी निदान लिहिता तरी येतं. सरकारी कामावरचा मोठा वर्ग आता कंत्राटी आहे आणि सुई टोचण्याचा खरा धोका त्याच्या हातांना आहे. घंटागाडीवरचा माणूस, रुग्णालयातला वॉर्डबॉय, सफाईवाली मावशी. घराघरांतून येणाऱ्या कचऱ्यात इन्शुलिनच्या सुया उघड्या येतात, गल्लीतल्या दवाखान्यांच्याही येतात. कोणती सुई कुणाची, ते कुणाला ठाऊक नसतं. एचआयव्ही असलेल्याच्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास, म्हणजे कमी. पण ती जवळजवळ पुसून टाकणारं औषध आहे. ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं, दोनेक तासांत मिळालं तर उत्तमच, आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू करायचं, मग २८ दिवस घ्यायचं. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. जिथे असा धोका आहे तिथे हातमोजे, प्रशिक्षण आणि हे औषध मालकाने पुरवायचं, हेही कायद्यातच आहे.

मी तीन मुकादमांना विचारलं, सुई टोचली तर तुम्ही काय करता. दोघं म्हणाले, धुवायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. तिसरा म्हणाला, आधी पाळी संपवायची, मग बघायचं. बहात्तर तासांचं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. मुकादम हाच कंत्राटी माणसाचा साहेब, तोच त्याचं कार्यालय. २०२२ चं धोरण त्याच्यापर्यंत पोहोचलं तर ते धोरण. हजेरीच्या जागी, जिथे रोज पहाटे अंगठे उमटतात, तिथे चार ओळी मोठ्या अक्षरांत लावा : सुई टोचली तर लगेच वाहत्या पाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका, थेट सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, हजेरी कापली जाणार नाही. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती नसेल तर आधीच्या तीन कुणी पाळणार नाही.

हे फक्त सरकारचंच दुखणं आहे असंही नाही. आपल्या पट्ट्यात चाकणपर्यंत कारखान्यांची रांग आहे, त्यांनाही हाच कायदा लागू. पुण्यात एका औषध कंपनीतल्या कामगार बाईला २०१५ मध्ये एचआयव्ही आहे हे कळताच राजीनामा द्यायला लावला होता. २०१८ मध्ये कामगार न्यायालयाने तिला मागच्या पगारासह कामावर परत घ्यायला सांगितलं. तीन वर्षं ती एकटी लढली. तिच्या कंपनीत त्या दिवशी एक माणूस जरी असा असता, ज्याच्या नावापुढे ही जबाबदारी लिहिलेली आहे, तर काय झालं असतं, हा विचार मला सोडत नाही. पण कारखानदाराला हे सांगायला जायचं तर सरकारची स्वतःची भिंत आधी भरलेली हवी. निरीक्षक ज्या कचेरीतून निघतो तिथेच पाटी नसेल तर तो कारखान्यात कोणत्या तोंडाने विचारणार?

१ डिसेंबरला सगळीकडे लाल फिती लागतात, शपथा होतात, महाविद्यालयांच्या फेऱ्या निघतात. त्याला माझा विरोध नाही. मुलांना त्यातून माहिती मिळते आणि १०९७ हा मदतीचा नंबर चार जणांच्या लक्षात राहतो. माझं मागणं २ डिसेंबरचं आहे. त्या दिवशी प्रत्येक खातेप्रमुखाने आपल्याच आस्थापना शाखेत जाऊन विचारावं : आपला तक्रार अधिकारी कोण? उत्तर आलं नाही तर संध्याकाळपर्यंत आदेश काढावा. नेमताना माणूस बघून नेमावा. ज्याच्याकडे जाऊन लोक घरचं दुःख सांगतात असा एक तरी अधिकारी प्रत्येक कचेरीत असतो, सगळ्यांना तो ठाऊक असतो. महिला समितीच्या पाटीशेजारी त्याचं नाव लावावं, मोबाइल नंबरासह. आणि त्याला एक स्वतंत्र खोली द्यावी, दार लागणारी. तक्रार ऐकण्यासाठी पार्टिशनच्या आडोशाचं टेबल चालत नाही. त्याच्या पलीकडे कोण बसलंय ते बोलणाऱ्याला दिसत नाही.

परवा पुन्हा टपरीवर तो भेटला. गाडीला वेळ होता. मी त्याला या पाटीचं सगळं सांगितलं. कायदा, सात दिवस, तक्रार अधिकारी. तो शांतपणे ऐकत होता. "आमच्याकडे नेमला तर जाशील का रे त्याच्याकडे?" मी विचारलं.

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "तक्रार नाही करणार काका. कुणाची करू? सगळे आपलेच आहेत. पण नाव लिहिलेलं दिसलं ना, तर जेवायच्या सुट्टीत बाहेर नाही जाणार. आत बसेन."

गाडी लागली. त्याने खिशातून घडी केलेला रजेचा अर्ज काढला. सकाळी घाईत ऑफिसात द्यायचा राहिला होता, आता फोटो काढून साहेबांना पाठवायचा होता. गुडघ्यावर पिशवी ठेवून त्यावर त्याने कागद सरळ केला, तारीख टाकली आणि कारणाच्या रांगेत, गेली कित्येक वर्षं लिहितो तसं, लिहिलं : घरगुती.